पान आधी बोलते, मजकूर नंतर

मासिक हातात घेतले की आपण मजकूर वाचतो, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात पहिले वाक्य वाचण्याआधीच बरेच काही वाचून झालेले असते. कागद गुळगुळीत आहे की वृत्तपत्री, मथळ्याची अक्षरे जाड आहेत की नाजूक, छायाचित्रातला माणूस आपल्याकडे पाहतो आहे की दुसरीकडे, समास किती सोडला आहे, या सगळ्यांवरून डोळ्यांनी आपला निकाल दिलेला असतो. हे कोणासाठी आहे, किती गंभीरपणे घ्यायचे आहे आणि यात आपल्याला प्रवेश आहे की नाही, हे क्षणभरात ठरून जाते. दिवाळी अंकांवर वाढलेल्या आपल्या मंडळींना हे नव्याने सांगायला नको. वरचे नाव झाकले तरी अंक कोणाचा आहे ते ओळखणारे वाचक आपल्यात आहेत.

या लेखाचा विषय मात्र दिवाळी अंक नाहीत. आपण ज्या देशात राहतो तिथली आणि अटलांटिकपलीकडच्या ब्रिटनमधली संगीत-मासिके, हा विषय आहे. १९८० आणि १९९० च्या दशकांत इथे वाढलेल्या आपल्या मुलांच्या खोल्यांतून ही मासिके पडलेली असत. आईवडिलांनी त्यातली विस्कटलेली अक्षरे आणि विस्कटलेले केस पाहून नाक मुरडले आणि बहुधा ती उघडली नाहीत. ती मुले आज माझ्या वयाची आहेत. मी स्वतः शिकायला म्हणून उशिरा इकडे आलो. ही मासिके मला विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाड बांधणीच्या खंडांत भेटली, तीही प्रबंधाचे काम टाळण्याच्या निमित्ताने. मी चित्रकार नाही आणि रॉक संगीताचा जाणकारही नाही. माझी डॉक्टरेट अभियांत्रिकीतली आणि पोटापाण्याचा धंदा सॉफ्टवेअरचा. संदेश एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे न बिघडता कसा पोचवायचा, एवढाच माझ्या शिक्षणाचा विषय. पण त्याच बाजूने या पानांकडे पाहिले तर त्यांत एक चांगला इतिहास सापडतो, तो सांगावासा वाटतो.

आधी एक शब्द पक्का करून घेऊ. मासिक उघडल्यावर समोरासमोर येणारी डावी-उजवी पाने मिळून होते ते जोडपान. मांडणी करणारा कलावंत एकेका पानाचा विचार करत नाही, जोडपानाचा करतो, कारण वाचकाच्या नजरेला ते दोन्ही मिळून एकच चित्र दिसते. संगीताच्या मासिकापुढे एक खास अडचण असते. पाककृतीच्या मासिकाला निदान पदार्थाचे छायाचित्र छापता येते. संगीताच्या पानाला आवाज नसतो. जे सांगायचे ते ऐकू येणार नाही, हे गृहीत धरूनच पान करावे लागते. मग आवाजाचे काम अक्षरांनी, रेघांनी, रंगांनी आणि मोकळ्या जागेने करायचे. म्हणूनच छापील मांडणीतले मोठे प्रयोग पुष्कळदा संगीत-मासिकांत झालेले दिसतात.

चौकटीतले बंड

‘रोलिंग स्टोन’चा पहिला अंक ९ नोव्हेंबर १९६७ या तारखेचा. सॅन फ्रान्सिस्कोत यान वेनर हा एकवीस वर्षांचा तरुण आणि राल्फ ग्लीसन हे वयाने व अनुभवाने बरेच मोठे असलेले संगीत-समीक्षक, या दोघांनी तो काढला. साडेसात हजार डॉलरचे उसने भांडवल, छापखान्याच्या वरच्या माळ्यावर कचेरी, पंचवीस सेंट किंमत. मुखपृष्ठावर जॉन लेननचे, एका चित्रपटातल्या सैनिकाच्या वेशातले छायाचित्र. त्याच वर्षीच्या जूनमध्ये मॉन्टरे येथे मोठा संगीत-महोत्सव झाला होता. आपल्या रविशंकरांची सतार तिथे गाजली होती. त्या महोत्सवाच्या पैशांचे काय झाले, असा रोखठोक प्रश्न या पहिल्या अंकातल्या मुख्य बातमीने विचारला होता.

त्या काळच्या सॅन फ्रान्सिस्कोचे दृश्य काय होते ते लक्षात घेतले पाहिजे. जलशांची भित्तिपत्रके वितळलेल्या मेणासारख्या अक्षरांत छापली जात. नजर बराच वेळ खिळवल्याशिवाय ती वाचताच येत नसत आणि तोच त्यांचा हेतू असे. रिक ग्रिफिन हा असली भित्तिपत्रके करणाऱ्यांतला एक नामांकित चित्रकार. ‘रोलिंग स्टोन’ची नामाक्षरे त्याने रेखली. ती वळणदार आणि फुगीर आहेत आणि भित्तिपत्रकांशी नाते सांगतात. पण त्या नावाखाली पाहिले तर सारे वेगळेच. सरळ रकाने, टाइम्स रोमनसारखी पोक्त अक्षरे आणि पानाभोवती एक जाड व एक बारीक अशा जोडरेघेची चौकट. या रेघेला छापखान्यात ऑक्सफर्ड रूल म्हणतात. ही मांडणी बरीचशी ‘संडे रॅम्पार्ट्स’ या पत्रावरून घेतलेली होती. वेनर पूर्वी तिथे काम करत असे. ते पत्र बंद पडले आणि त्याचे रूप या नव्या पत्राने उचलले.

यात काटकसर होती हे उघड आहे. पण परिणाम काटकसरीपुरता राहिला नाही. केस वाढवलेल्या मुलांच्या संगीतावर कोणी गंभीरपणे लिहीत नव्हते, त्या वेळी ही जोडरेघेची चौकट म्हणत होती की इथे जे छापले आहे ती बातमी आहे आणि तिची शहानिशा झालेली आहे. नाव भित्तिपत्रकाचे, चौकट जुन्या प्रतिष्ठित वृत्तपत्राची. बंडखोरांनी सोवळे नेसून पंगतीत बसावे तसा हा प्रकार होता. यजमानाला उठवताही येईना आणि वाढताही येईना!

छायाचित्रांचेही असेच. बॅरन वोलमन हा या पत्राचा पहिला मुख्य छायाचित्रकार. त्याने पैसे न घेता काम करायचे कबूल केले, पण छायाचित्रांचे हक्क स्वतःकडे ठेवले. हा व्यवहार त्याला पुढे आयुष्यभर पुरला. दुसऱ्या अंकाच्या मुखपृष्ठावर त्याने टिपलेली टीना टर्नर आहे, नाचताना, घामाने निथळणारी. त्या आधीच्या प्रसिद्धी-छायाचित्रांत गायक मंडळी विवाहाच्या फोटोसारखी ओळीने हसत उभी असत. इथे काम चालू असताना माणूस पकडला होता. आवाज नसलेल्या पानावर आवाज आणण्याचा हा पहिला साधा उपाय.

पुढे पत्र श्रीमंत झाले. १९७३ मध्ये रंग आले, १९७७ मध्ये कचेरी न्यूयॉर्कला गेली आणि त्याच सुमारास रॉजर ब्लॅक या कला-संचालकाने जिम पार्किन्सनकडून मासिकासाठी स्वतंत्र अक्षरे काढून घेतली. ती जोडरेघेची चौकट मध्यंतरी नाहीशी झाली होती. १९८७ मध्ये फ्रेड वुडवर्ड कला-संचालक झाला आणि त्याने ती परत आणली. वीस वर्षांत तिचा अर्थ मात्र बदलला होता. १९६७ मध्ये ती चौकट उसनी प्रतिष्ठा होती, १९८७ नंतर ती मासिकाची स्वतःची परंपरा झाली. रेघ तीच, पण बोलणे वेगळे. वुडवर्डच्या जोडपानांत एका बाजूला कलावंताचे पानभर छायाचित्र आणि दुसऱ्या बाजूला त्याच्या नावातली अक्षरे, जुन्या लाकडी ठशांसारखी, कधी एकेक अक्षर पानभर, अशी मांडणी वारंवार दिसते. अक्षर म्हणजे जणू दुसरे छायाचित्रच.

शब्दांवाचूनचे मुखपृष्ठ

८ डिसेंबर १९८० रोजी अ‍ॅनी लिबोविट्झ न्यूयॉर्कच्या डकोटा इमारतीत जॉन लेननच्या घरी गेली. ती १९७३ पासून ‘रोलिंग स्टोन’ची मुख्य छायाचित्रकार होती. मासिकाला लेनन एकटाच हवा होता. लेननचा आग्रह असा की योको ओनो हवीच. त्या दुपारी घेतलेल्या छायाचित्रात लेनन पूर्ण विवस्त्र आहे आणि काळ्या कपड्यांतल्या योकोला, आईला बिलगलेल्या तान्ह्या मुलासारखा, हातापायांनी बिलगून पडला आहे. तिचे डोळे दुसरीकडे लागलेले आहेत. पोलरॉइडवरचा नमुना पाहूनच दोघांनी सांगितले की आमचे नाते हेच.

काही तासांनी, त्याच इमारतीच्या दारात, लेननचा खून झाला.

२२ जानेवारी १९८१ या तारखेच्या अंकावर ते छायाचित्र छापले गेले. मासिकाचे नाव आणि तारीख सोडली तर मुखपृष्ठावर एकही मथळा नाही. मुखपृष्ठावरचा मथळा म्हणजे दुकानात अंक खपवण्याचे साधन. ते सोडून देणे हा व्यवसायाच्या दृष्टीने मोठा त्याग. पण विचार करा, तिथे काय लिहिता आले असते? जे लिहिले असते त्याने अर्थ कमीच झाला असता. दुपारी ते छायाचित्र पती-पत्नीच्या प्रेमाचे होते. रात्री ते निरोपाचे झाले. चित्रातला एक कणही बदलला नव्हता, बदलले होते ते पाहणाऱ्याला ठाऊक असलेले. अमेरिकेतल्या मासिक-संपादकांच्या संस्थेने २००५ मध्ये मागील चाळीस वर्षांतले सर्वोत्तम मुखपृष्ठ म्हणून याचीच निवड केली.

इथे माझ्या शिक्षणातली एक गोष्ट आठवते. क्लॉड शॅनन या शास्त्रज्ञाने १९४८ मध्ये संदेशवहनाचा गणिती सिद्धांत मांडला. आजचे सगळे फोन आणि संगणक-जाळी त्यावर उभी आहेत. त्याने सुरुवातीलाच स्पष्ट करून टाकले की संदेशाचा अर्थ हा अभियांत्रिकीचा प्रश्न नव्हे. चिन्हे बिनचूक पोचली की आपले काम झाले. अर्थ ज्याचा त्याने लावावा. सिद्धांत म्हणून हे फार उपयोगाचे आहे. पण लेननचे मुखपृष्ठ पाहताना कळते की शॅननने जे मुद्दाम बाजूला ठेवले तेच मांडणीकाराचे सगळे भांडवल असते.

विरघळणारा शब्द

आता इंग्लंडकडे वळू. निक लोगन हा ‘न्यू म्युझिकल एक्सप्रेस’ या साप्ताहिकाचा माजी संपादक. मे १९८० मध्ये त्याने ‘द फेस’ हे मासिक काढले. संगीत, कपडे, शहरातले राहणे या सगळ्यांना एकत्र घेणारे. १९८१ ते १९८६ या काळात नेव्हिल ब्रोडी त्याचा कला-संचालक होता. संगणक अजून मांडणीच्या टेबलावर आले नव्हते. ब्रोडीने पुष्कळ अक्षरे हाताने रेखली. कोनाडे असलेली, भौमितिक, वाचायला थोडी अडवणारी.

त्याचा एक प्रयोग मला फार आवडतो. मासिकाच्या अनुक्रमणिकेवर दर महिन्याला ‘कंटेंट्स’ हा शब्द असतो. कोणी तो वाचत नाही, कारण ते पान कुठले हे जागेवरूनच कळते. ब्रोडीने १९८४ च्या सुमारास या शब्दाची अक्षरे अंकागणिक थोडी थोडी मोडायला सुरुवात केली. एका अंकात एखादी रेघ सुटली, पुढच्यात अक्षरे एकमेकांत सरकली आणि काही अंकांनंतर तिथे नुसत्या खुणा उरल्या. तरीही नेहमीच्या वाचकाला ती अनुक्रमणिकाच वाटत होती. महिन्यामहिन्याने त्याची सवय होत गेली होती. आपण मंगळसूत्राला ‘हा विवाहित असल्याचा दाखला’ असे म्हणत नाही, पाहिल्याबरोबर कळते. शब्दाचेही असेच चिन्ह होऊ शकते, हे ब्रोडीने व्याख्यान न देता दाखवले. १९८८ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने त्याच्या कामाचे प्रदर्शन भरवले.

पण या कथेला दुसरी बाजू आहे. ‘द फेस’ची अक्षरे लोकप्रिय झाली तशी जाहिरातवाल्यांनी तिची नक्कल सुरू केली. जे वळण ‘आम्ही वेगळे’ असे सांगत होते ते आता दुकानांच्या जाहिरातींतून ओरडू लागले. १९८६ मध्ये लोगनने ‘अरीना’ नावाचे दुसरे मासिक काढले, तेव्हा ब्रोडीने त्यासाठी हेल्व्हेटिका हे सगळ्यांत साधे, सरकारी पाट्यांवर शोभणारे वळण घेतले. सगळे ओरडत असताना हळू बोलणाऱ्याकडे लक्ष जाते. अक्षराचा अर्थ त्याच्या आकारात कायमचा कोरलेला नसतो. आजूबाजूला काय आहे त्यावर तो ठरतो आणि वापरून वापरून तो झिजतो.

वाचता न येणारी मुलाखत

जानेवारी १९८४ मध्ये मॅकिन्टॉश संगणक आला. १९८५ मध्ये अ‍ॅपलचा लेझर प्रिंटर आणि पेजमेकर हा मांडणीचा प्रोग्राम आला. अडोबी कंपनीची पोस्टस्क्रिप्ट ही भाषा त्यांना जोडणारी. आजच्या आमच्या धंद्याच्या दृष्टीने ती फार सुंदर कल्पना होती. पान म्हणजे ठिपक्यांचा ढीग न मानता ‘इथून तिथवर अशी रेघ ओढ’ अशा आज्ञांची मालिका मानायची. त्यामुळे अक्षर लहान-मोठे करणे, तिरके करणे, दुसऱ्यावर चढवणे हे छापखान्यातल्या खिळ्यांच्या मर्जीवर राहिले नाही. शिशाचा खिळा दुसऱ्या खिळ्यावर बसत नाही. गणिताला तशी अडचण नाही.

ही मोकळीक सर्वांत बेदरकारपणे वापरली ती डेव्हिड कार्सनने. हा मूळचा समाजशास्त्राचा शिक्षक आणि लाटांवर फळी घेऊन खेळणारा पट्टीचा खेळाडू. मांडणीचे त्याचे शिक्षण जेमतेम काही आठवड्यांचे. १९९२ मध्ये कॅलिफोर्नियात ‘रे गन’ हे संगीत-मासिक निघाले आणि तो १९९५ पर्यंत त्याचा कला-संचालक होता. तिथली जोडपाने पाहताना पहिल्यांदा छापखान्यात अपघात झाला असावा असे वाटते. रकाने एकमेकांना चिकटलेले, ओळी घडीत शिरलेल्या, मथळे अर्धे कापलेले, छायाचित्रात गायकाचे डोके नाही. तेव्हाचे ग्रंज संगीतही असेच होते. खरखर, गोंगाट आणि मध्येच एकदम शांतता. वाचकाला संगीत ऐकल्यासारखे दिसावे हा हेतू.

१९९४ मध्ये ब्रायन फेरी या इंग्लिश गायकाची मुलाखत छापायची होती. कार्सनला ती फार कंटाळवाणी वाटली. त्याने संपूर्ण मुलाखत झाफ डिंगबॅट्स या वळणात छापली. झाफ डिंगबॅट्समध्ये अक्षरे नाहीतच. चांदण्या, चौकोन, फुले, बाण अशी चिन्हे आहेत. जोडपानावर रकानेच्या रकाने नुसत्या चिन्हांचे. कोणालाही एक शब्द वाचता येणार नाही. मजकूर त्याच अंकात मागच्या बाजूला साध्या अक्षरांत पुन्हा दिलेला होता, हे सांगितले पाहिजे, कारण ही कथा सांगणारे पुष्कळदा तेवढे गाळतात.

या पानाकडे सॉफ्टवेअरवाल्याच्या नजरेने पाहिले तर गंमत दिसते. झाफ डिंगबॅट्सचे प्रत्येक चिन्ह कळफलकावरच्या एका अक्षराच्या जागी बसवलेले आहे. ‘एन’ दाबला की काळा चौकोन उमटतो, ‘एल’ दाबला की काळे वर्तुळ. म्हणजे ती मुलाखत नष्ट झालेली नव्हती. ती लहान मुले खेळतात तसल्या सांकेतिक लिपीत होती. एका अक्षराला एक चिन्ह, ठरलेले. इंग्रजीत कुठले अक्षर किती वेळा येते ते ठाऊक असेल तर कागद-पेन्सिल घेऊन ती कोणालाही सोडवता आली असती. सामान्य इंग्रजी मजकुरात निम्म्याच्या आसपास भाग फाजील असतो, असा अंदाज शॅननने त्या १९४८ च्या लेखातच दिला होता. त्याच फाजीलपणामुळे असली लिपी फुटते. संदेश शंभर टक्के पोचला होता, वाचता मात्र एक टक्काही येत नव्हता. आणि तरी वाचकाला अर्थ कळला: संपादकीय टेबलाचे या मुलाखतीबद्दल काय मत आहे, हा अर्थ!

ही थट्टा मला पूर्णपणे पटते असे नाही. फेरी हा न्यूकॅसलला रिचर्ड हॅमिल्टनसारख्या नामवंत चित्रकाराच्या हाताखाली कला शिकलेला माणूस. त्याच्या रॉक्सी म्युझिक या वाद्यवृंदाच्या तबकड्यांची वेष्टने म्हणजे दृश्य-विचाराचा नमुना. अशा माणसाच्या वाट्याला चांदण्या-चौकोन यावेत हा दैवदुर्विलास. शिवाय मुलाखत घेणाऱ्याने मेहनत केली होती, ती मेहनत मांडणीकाराने दोन पानांपुरती पुसून टाकली. बिअ‍ॅट्रिस वॉर्ड या बाईंनी १९३० मध्ये लंडनच्या मुद्रकांपुढे व्याख्यान देताना सांगितले होते की उत्तम मुद्रण हे स्फटिकाच्या पारदर्शक पेल्यासारखे असावे, म्हणजे लक्ष पेल्याकडे न जाता आतल्या द्राक्षासवाकडे जाते. कार्सनने पेला रंगवून टाकला. वॉर्डबाईंचे म्हणणे कथा-कादंबरीला, औषधाच्या चिठ्ठीला आणि करविवरणपत्राला लागू आहे याबद्दल शंका नको. पण ज्या पानाला आवाज नाही आणि ज्याला आवाजच दाखवायचा आहे, तिथे पेलाही थोडा बोलला तर बिघडले कुठे? वाचनीयता आणि संदेश पोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कार्सनचे सूत्र तेवढ्यापुरते खरे आहे.

बॉस्टनचे मुखपृष्ठ

इथवर हे सारे कलावंतांचे खेळ वाटले असतील. पुढची गोष्ट खेळाची नाही.

१५ एप्रिल २०१३ रोजी बॉस्टन मॅरेथॉनच्या अंतिम रेषेजवळ दोन बॉम्ब फुटले. तीन जण मृत्युमुखी पडले आणि अडीचशेहून अधिक जखमी झाले. कित्येकांचे पाय गेले. बॉस्टनच्या परिसरात राहणाऱ्या आपल्या मंडळींना ते चार दिवस आठवत असतील. १ ऑगस्ट २०१३ या तारखेच्या ‘रोलिंग स्टोन’च्या मुखपृष्ठावर आरोपी झोखर त्सारनायेवचे छायाचित्र आले. स्वतःच काढलेले, कुरळे विस्कटलेले केस, थेट वाचकाकडे रोखलेली शांत नजर. देशभर संताप उसळला. सीव्हीएस, वॉलग्रीन्स यांसारख्या मोठ्या दुकान-साखळ्यांनी अंक विकायला नकार दिला. बॉस्टनच्या महापौरांनी निषेधाचे पत्र लिहिले. राज्य पोलिसांच्या एका छायाचित्रकाराने, खरा त्सारनायेव पाहा म्हणून, पकडला गेला त्या वेळची रक्तबंबाळ छायाचित्रे एका मासिकाला देऊन टाकली.

आता वस्तुस्थिती पाहा. तेच छायाचित्र मे महिन्यात ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर छापून आले होते. तेव्हा फारशी कुरकुर झाली नव्हती. ‘रोलिंग स्टोन’च्या मुखपृष्ठावरच्या शब्दांत तर त्याला सरळ राक्षस म्हटले होते. आतला लेख अभ्यासपूर्ण, एक होतकरू विद्यार्थी दहशतवादी कसा झाला याचा शोध घेणारा. मग चिडण्यासारखे काय होते?

चिडण्यासारखे होते ते वरचे नाव. छेचाळीस वर्षे त्या नामाक्षरांखाली बहुतेक वेळा कुरळ्या केसांचा, रोखून पाहणारा एखादा तरुण गायक असे. लेनन, डिलन, मॉरिसन. वाचकाची नजर इतकी तयार झालेली होती की त्या जागी जो दिसेल तो तारा. ब्रोडीच्या अनुक्रमणिकेसारखेच हे. शब्द न वाचताच अर्थ कळत होता. शब्द ‘राक्षस’ म्हणत होते, जागा ‘नायक’ म्हणत होती आणि जिंकली ती जागा. संपादकांनी आपल्या पत्रकारितेच्या परंपरेचा हवाला दिला आणि तो खोटा नव्हता. १९७० मध्ये चार्ल्स मॅन्सन या खुनी टोळीप्रमुखाला याच मासिकाने मुखपृष्ठावर घेतले होते आणि त्या लेखनाचा गौरवही झाला होता. पण मासिकाने गंभीर पत्रकारिता किती केली हे संपादकांच्या लक्षात होते, औषधाच्या दुकानात रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या लक्षात मुखपृष्ठे होती. ज्याचा पाय गेला त्याने ते मुखपृष्ठ पाहून आत हजारो शब्द वाचावेत, अशी अपेक्षा करता येत नाही. त्या अंकाची सुट्टी विक्री नेहमीच्या सुमारे दुप्पट झाली, हेही नोंदवून ठेवले पाहिजे. संतापानेही अंक खपतो.

माझे स्वतःचे मत सांगतो. लेख छापायला हवा होता. छायाचित्रही आतल्या जोडपानावर, जखमींच्या छायाचित्रासमोर घेता आले असते. शेजारच्या पानाने त्याला उत्तर दिले असते. एकट्या मुखपृष्ठाला शेजार नसतो. जोडपानाचे महत्त्व मला या प्रकरणात जितके कळले तितके कार्सनच्या सगळ्या अंकांत मिळून कळले नाही.

चौकटीबाहेर कोण राहिले

मांडणीचा इतिहास पाहताना एक प्रश्न टाळता येत नाही. चौकट काय दाखवते याइतकेच ती कोणाला आत घेते हेही बोलते. दुसऱ्याच अंकावर टीना टर्नर असली तरी पुढच्या दशकांत ‘रोलिंग स्टोन’च्या मुखपृष्ठांवर गोऱ्या पुरुष गायकांचाच भरणा राहिला. सप्टेंबर २०२३ मध्ये यान वेनरचे ‘द मास्टर्स’ हे मुलाखतींचे पुस्तक आले. त्यात सात संगीतकार, सातही गोरे पुरुष. याबद्दल ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने विचारले तेव्हा त्याने जे उत्तर दिले त्याचा मथितार्थ असा की स्त्रिया आणि कृष्णवर्णीय संगीतकार तितक्या बौद्धिक पातळीवर बोलणारे नाहीत. दुसऱ्याच दिवशी, ज्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम प्रतिष्ठानच्या संस्थापकांपैकी तो एक होता, त्याच्या संचालक मंडळातून त्याला काढण्यात आले. त्याने नंतर माफी मागितली. मासिक तोवर दुसऱ्या मालकांकडे गेले होते आणि त्यांनीही त्याच्या बोलण्यापासून स्वतःला दूर केले.

हे ऐकून धक्का बसला असे पुष्कळांनी म्हटले. जुन्या अंकांची मुखपृष्ठे भिंतीवर ओळीने लावून दोन पावले मागे जाऊन पाहणाऱ्याला तो धक्का बसला नसता. त्याने जे २०२३ मध्ये तोंडाने सांगितले ते पाने कित्येक वर्षे सांगत होती. आपण परदेशातून आलेले लोक आहोत. कुठल्या चौकटीत आपण दिसतो, कुठे पार्श्वभूमीला असतो आणि कुठे दिसतच नाही, हे ओळखायची सवय आपल्याला आणि आपल्या मुलांना असली तर फायद्याचेच आहे.

आता छापील संगीत-मासिकांचे दिवस सरत आले. ‘रे गन’ २००० मध्ये बंद पडले, ‘न्यू म्युझिकल एक्सप्रेस’ने २०१८ मध्ये साप्ताहिक छापणे थांबवले, ‘द फेस’ २००४ मध्ये थांबून २०१९ मध्ये पुन्हा निघाले. ‘रोलिंग स्टोन’ने २००८ मध्ये आपला ऐसपैस आकार सोडून साधा मासिकाचा आकार घेतला आणि २०१८ मध्ये ते पाक्षिकाचे मासिक झाले. फोनच्या पडद्यावर जोडपान उघडत नाही. तिथे चित्राला चित्राचा शेजार मिळतो तोही योगायोगाने, वरचे खालच्याला ठाऊक नसते. त्यामुळे चित्राचे बोलणे थांबलेले नाही, उलट वाढले आहे. फक्त ते बोलणे जुळवून देणारा माणूस मध्ये राहिलेला नाही. ते काम आता पाहणाऱ्यालाच करावे लागते.

त्यासाठी फार विद्वत्ता लागत नाही. एखादे चित्र समोर आले की चार साधे प्रश्न विचारावेत. हे कोणत्या नावाखाली छापले आहे? अक्षरे कोणाची उसनी घेतली आहेत? शेजारी काय ठेवले आहे आणि काय ठेवायचे टाळले आहे? आणि शब्द एक सांगत असताना चित्र दुसरेच तर सांगत नाही ना? ज्यांच्या घराच्या माळ्यावर मुलांचे जुने खोके पडले असेल त्यांनी एखाद्या रविवारी ते खाली काढावे. आत ‘स्पिन’, ‘रे गन’ किंवा ‘रोलिंग स्टोन’चे अंक निघाले तर रद्दीत टाकण्याआधी एकदा जोडपाने उघडून पाहावीत, आणि जमल्यास मुलांना बोलावून, त्यांना त्या वेळी त्यांत काय दिसत होते ते विचारावे.